क्रॉनमधला शुक्रवार

तुमच्यापैकी जे बरीच वर्षं अमिरातीत आहेत, त्यांना ७ जानेवारी २०२२ आठवत असेल. शनिवार-रविवारची नवी सुट्टी लागू झाल्यानंतरचा तो पहिला कामाचा शुक्रवार. सरकारी कचेऱ्या साडेसात ते बारा, मग सव्वा वाजता सगळीकडे एकाच वेळी खुतबा. शारजाने मात्र शुक्रवारही सुट्टीतच ठेवला. मुलांच्या शाळा, ऑफिसच्या मीटिंगा, भारतात आईवडिलांना फोन करायची वेळ, सगळं हललं. सर्व्हर रूममध्येही एक गोष्ट हलायला हवी होती. ती बऱ्याच ठिकाणी हलली नाही, त्याची ही हकिगत.

सुट्टी सरकण्याची ही पहिली वेळ नव्हती. सरकारी कचेऱ्यांना पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, ती १ सप्टेंबर २००६ पासून शुक्रवार-शनिवार झाली. दोन्ही वेळा हेतू एकच, बाहेरच्या बँका आणि बाजारांशी कामाचे दिवस अधिक जुळावेत. पण २००६ च्या बदलात शुक्रवारला धक्का लागला नव्हता. त्यामुळे आठवड्याचं जड काम शुक्रवारी पहाटे टाकायचं, ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची सवय तशीच राहिली. युनिक्सच्या क्रॉनमध्ये वार आकड्यांनी लिहितात: रविवार ०, शुक्रवार ५. एकदा ५ लिहिला की कोण परत बघतंय!

जड काम म्हणजे व्हॉल्यूम कॉपी. डेटाबेस ज्या व्हॉल्यूमवर आहे, त्याची अख्खी नक्कल स्टोरेज अ‍ॅरेमध्येच दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि ती बॅकअप सर्व्हरला जोडून तिथून टेपवर घ्यायची. त्या काळच्या मधल्या किमतीच्या अनेक अ‍ॅरेंमध्ये अडचण अशी, की नक्कल चालू असेपर्यंत मूळ व्हॉल्यूमवर काही लिहिता येत नसे. तासन् तास डेटाबेस बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून आधी स्नॅपशॉट घ्यायचा आणि स्नॅपशॉटवरून कॉपी काढायची.

स्नॅपशॉट म्हणजे फोटो असं सांगतात, पण मला मुनीमजींचं उदाहरण जास्त पटतं. वहीतली नोंद कुणी खोडायला आलं, की मुनीमजी आधी जुनी नोंद वेगळ्या कागदावर उतरवून घेतात आणि मगच खोडू देतात. सकाळी वही कशी होती असं विचारलंत, तर न बदललेली पानं वहीतून आणि बदललेली कागदांवरून वाचून दाखवतात. म्हणून स्नॅपशॉट क्षणात होतो आणि जागा कमी खातो. पण कागद संपले की काय? अ‍ॅरेमध्ये त्यासाठी राखीव जागा असते, साधारणपणे मूळ व्हॉल्यूमच्या २० टक्के. ती भरली तर दोनच पर्याय: स्नॅपशॉट मोडू द्यायचा किंवा मूळ व्हॉल्यूमवर लिहिणं थांबवायचं. धंदा थांबवायला कुणी तयार नसतं, म्हणून बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात.

स्क्रिप्टचा क्रमही ठरलेला. डेटाबेसला क्षणभर थांबवायचं, सर्व्हरच्या मेमरीत अडकलेलं सगळं डिस्कवर उतरवायचं, स्नॅपशॉट नव्याने घ्यायचा, डेटाबेस मोकळा करायचा, मग कॉपी सुरू करायची. मेमरी उतरवायची पायरी गाळली, तर नक्कल वीज गेल्यावर उरते तशी मिळते. कधी उघडते, कधी नाही.

मी तेव्हा जिथे काम करत होतो, तिथला अ‍ॅरे असाच जुना होता. कॉपी शुक्रवारी पहाटे एकला सुरू व्हायची आणि दुपारपर्यंत चालायची. इतकी वर्षं शुक्रवारी कुणी काही लिहीत नव्हतं, राखीव जागा पुरायची. त्या जानेवारीत साडेसातपासून बिलं भरायला सुरुवात झाली आणि अकराच्या सुमारास जागा संपली. स्नॅपशॉट मोडला, त्याबरोबर कॉपीही. याहून वाईट म्हणजे कॉपी आदल्या आठवड्याच्या नकलेवरच चढत होती. अर्धी नवी, अर्धी जुनी, म्हणजे कशाचीच नाही. इशाऱ्याचे ईमेल नियमित जात होते, पण नोकरी सोडून पुण्याला परतलेल्या सहकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये. गल्फमध्ये माणसं जातात, स्क्रिप्ट मागे राहतात.

महिनाअखेरीस एकाने चुकून बिलांचं टेबल पुसलं, तेव्हा हे उघडकीस आलं. हाताशी डिसेंबरची टेप होती. जानेवारीची बिलं छापील प्रतींवरून पुन्हा भरली, आठ जण, सहा दिवस. दोष कोणाचा यावर मीटिंग झाली. ती स्क्रिप्ट मी दोनदा दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा त्या ५ कडे पाहिलं नव्हतं, हे मी तिथे सांगितलं.

आता बरंच काही क्लाउडवर गेलं आहे. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१९ पासून दुबई-अबुधाबीत आहेत, अ‍ॅमेझॉनचं २०२२ च्या ऑगस्टपासून. तिथे राखीव जागेची काळजी तुम्हाला करावी लागत नाही, पण वेळापत्रक बहुधा यूटीसीने लिहिलेलं असतं. अमिरात त्याच्या चार तास पुढे. म्हणजे इथे रात्री बाराला शनिवार लागतो, तेव्हा तिथे शुक्रवारचे रात्रीचे आठ. सुट्टी बदलल्यावर आमच्या नव्या स्क्रिप्टमध्ये वाराच्या जागी पुन्हा ५ च आला. शेजारी या वेळी मी दोन ओळींची कॉमेंट लिहिली आहे.