न उडणाऱ्या विमानाचा इतिहास

#थ्रेड

१/ नकाशावर दिल्लीपासून नागपूरपर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सावनेरच्या अगदी जवळून जाते. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि याच दिशेने टपालाची विमाने रात्री नागपूरकडे येऊ लागली.

२/ दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या काळातील ही योजना. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पुन्हा आपापल्या शहरांकडे परतत. अंधारात वैमानिकाची भिस्त समोरच्या तबकड्यांवरच असे.

३/ हे काम जिवावरचे होते. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे या सेवेतील एक डकोटा विमान नागपूरहून उडताच इंजिन बिघडून कोसळले. १३ जण मृत्युमुखी पडले. एकटा वैमानिक वाचला.

४/ आकाशात चुकीला क्षमा नसेल, तर चुका करून शिकायचे कुठे? हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अर्ध्या कापलेल्या पिंपांवर आसन बसवून शिकाऊ वैमानिकाचा तोल मुद्दाम घालवला जाई आणि तो सावरण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला जाई.

५/ खरी झेप १९२९ ची. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तशा भात्याच्या तत्त्वावर त्याने एक छोटे, न उडणारे विमान झुकते-वळते केले.

६/ सुरुवातीला या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणूक उद्यानांत. लष्कराच्या लेखी ते खेळणेच होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल सोपवण्यात आले. धुके, बर्फ आणि अंधार यांत काही आठवड्यांतच अनेक वैमानिक दगावले.

७/ त्यानंतर त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे १०,००० यंत्रे तयार झाली आणि लक्षावधी वैमानिक त्यांवर शिकले.

८/ रेडिओ-नियंत्रित मॉडेलची परंपरा वेगळी. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओने चालणारी बोट दाखवली. १९३७ मध्ये वॉल्टर व विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ हे मॉडेल विमान रेडिओद्वारे उडवले.

९/ येथे अडचण निराळी असते. चालक जमिनीवर उभा असल्यामुळे विमानाचा कल त्याच्या शरीराला जाणवत नाही. मॉडेल त्याच्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. बहुतेक नवशिक्यांची विमाने याच क्षणी आपटतात.

१०/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकावर अशा मॉडेलचे सिम्युलेटर रुळू लागले. सुरुवात साधी असते: खरा ट्रान्समीटर यूएसबीने जोडावा, काठ्यांचे कॅलिब्रेशन करावे, धडाच्या वर पंख असलेले ‘ट्रेनर’ मॉडेल निवडावे आणि वारा शून्यावर ठेवावा.

११/ आधी सरळ उड्डाण व रुंद फेऱ्या, मग समोरून येणारे विमान, मग उतरवणे आणि शेवटी वारा. समोरून येताना जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला काठी सरकवायची. डोक्याने हे लगेच समजते. बोटांना मात्र शंभरदा आपटल्यावरच उमगते.

१२/ सावनेरच्या शिवारात हेच धडे थेट गिरवले, तर दोन किलोचे, पंखा फिरत असलेले मॉडेल कापूस वेचणाऱ्यांच्या अंगावर पडू शकते. पडद्यावर ते पडते, एक कळ दाबली की पुन्हा धावपट्टीवर येते. १९३४ पूर्वी लिंकच्या यंत्राला खेळणे म्हणणाऱ्यांना हा फरक फार उशिरा कळला. (समाप्त)