चार पंतप्रधान आणि एक बाई

एमपीएससीचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला १७८४ चा 'पिट्स इंडिया ॲक्ट' पाठ असतो. कंपनीच्या कारभारावर लंडनहून 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बसवणारा कायदा. तो आणणारा धाकटा विल्यम पिट चोविसाव्या वर्षीच ब्रिटनचा पंतप्रधान झाला होता. आज त्याच्या आईबद्दल लिहितोय.

हेस्टर ग्रेनव्हिल. जन्म १७२० चा, बड्या राजकारणी घराण्यातला. भाऊ जॉर्ज पंतप्रधान, नवरा थोरला पिट पंतप्रधान, मुलगा पंतप्रधान. ती गेल्यावर तीन वर्षांनी, १८०६ मध्ये, जॉर्जचा मुलगा म्हणजे तिचा भाचाही पंतप्रधान!

१७५४ मध्ये लग्न झालं तेव्हा ती ३४ ची, पिट ४६ चा. सात वर्षांत पाच मुलं. पिट भाषणात वाघ, पण तब्येतीने खचलेला आणि खर्चाला हात मोकळा. घरं, बागा, नोकरचाकर यापायी कर्जाचा डोंगर. हिशेब आणि उधारउसनवारीची चिंता बाईंच्या गळ्यात.

१७६१ मध्ये पिटने मंत्रिपद सोडलं. जॉर्ज मात्र सरकारातच राहिला. म्हणजे भाऊ एकीकडे, नवरा दुसरीकडे. हेस्टर नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली.

खरी कसोटी १७६७ ची. पिट तेव्हा पंतप्रधान होता, पण मन इतकं ढासळलं की खोलीबाहेर येईना, कुणाला भेटेना. राजाची, मंत्र्यांची पत्रं यायची आणि उत्तरं लिहायची हेस्टर. घरच्या व्यवहारांचं कुलमुखत्यारपत्रही तिच्याच नावे. पिटने १७६८ मध्ये राजीनामा देईपर्यंत देशाचा पंतप्रधान आणि बाहेरचं जग यांच्यात ही एकच बाई होती.

१७७८ मध्ये पिट वारला, तेव्हा त्याचं कर्ज फेडायला संसदेला २० हजार पौंड मंजूर करावे लागले.

आणि हिचा अधिकार काय? १७६१ मध्येच राजाने तिला स्वतःच्या नावाने 'बॅरनेस चॅटम' ही उपाधी दिली होती. अशी उपाधी पुरुषाला मिळाली की तो थेट लॉर्ड्स सभागृहात बसायचा. तिला तिथे जागा नव्हती. वारशाने उपाधी मिळालेल्या बायकांना त्या सभागृहात बसायला १९६३ साल उजाडावं लागलं.

पंतप्रधानाची पत्रं लिहिलेली चालतात, सभागृहात बसलेलं चालत नाही. पुढच्या वेळी परीक्षेत पिटचं नाव लिहाल, तेव्हा ही बाई आठवा.