निकाल लागला तेव्हा विधानसभा उरली नव्हती

निवडणुकीत गैरमार्ग वापरला गेला तर दाद मागण्याचा एकच रस्ता आपल्या कायद्याने ठेवला आहे. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करायची. राज्यघटनेच्या कलम ३२९ ने बाकीचे दरवाजे बंद केले आहेत. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा असेही सांगतो की याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावी आणि सर्वोच्च न्यायालयातले अपील तीन महिन्यांत. म्हणजे नऊ महिन्यांत सगळे आटोपावे अशी अपेक्षा. ती कितपत पुरी होते, हे पाहायला मुंबईच्या विलेपार्ल्यापलीकडे जायची गरज नाही.

डिसेंबर १९८७ मध्ये तिथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेतर्फे डॉ. रमेश प्रभू उभे होते. प्रचारसभांत बाळासाहेब ठाकरे यांनी ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, अशा आशयाची भाषणे केली. ती न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेली आहेत. प्रभू निवडून आले. पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. धर्माच्या नावावर मत मागणे हा कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्टाचार ठरतो. एप्रिल १९८९ मध्ये न्या. भरुचा यांनी निवडणूक रद्दबातल ठरवली. इथवर सोळा महिने. कायद्याच्या मानाने उशीरच, पण विधानसभा अजून शिल्लक होती.

पुढे अपील झाले, आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. निवडणुकीला तेव्हा आठ वर्षे होत आली होती. ज्या विधानसभेतल्या जागेचा हा वाद, ती १९९० मध्येच संपली होती. त्यानंतर दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि मंत्रालयात शिवसेनेचाच मुख्यमंत्री बसला होता. कुंटे खटला जिंकले. पण जिंकून त्यांच्या हाती काय आले? ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा राष्ट्रपतींचा आदेश तर जुलै १९९९ मध्ये निघाला. ही सहा वर्षे १९९५ पासून मोजली गेल्याने ती २००१ च्या डिसेंबरात संपली. गुन्ह्याची शिक्षा अमलात यायला बारा वर्षे लागली.

या निकालाची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरे तर. त्यात न्या. जे. एस. वर्मा यांनी 'हिंदुत्व' हा शब्द जीवनपद्धती या अर्थानेही वापरला जातो, तो उच्चारला म्हणजे लगेच भ्रष्टाचार होत नाही, असे म्हटले. त्याच निकालपत्रात प्रभू आणि ठाकरे दोघेही दोषी ठरले होते. लोकांच्या लक्षात राहिली ती जीवनपद्धती. दोषी ठरलेली माणसे विस्मरणात गेली. ज्यांच्याविरुद्ध निकाल लागला त्यांनाच तो आपल्या बाजूचा वाटावा, असा प्रकार न्यायालयीन इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याच दिवशी दादरच्या १९९० च्या निवडणुकीचाही निकाल लागला. उच्च न्यायालयाने मनोहर जोशी यांची निवड रद्द केली होती. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, हे त्यांचे विधान तिथे मुद्द्याचे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते तिरस्करणीय असले तरी निव्वळ आशा व्यक्त करणारे आहे, मतांचे आवाहन नव्हे, असे ठरवले आणि निवड कायम ठेवली. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. सभेत बसलेल्या सामान्य मतदाराला आशा आणि आवाहन यांतला हा फरक कळला असेल काय?

तिसरे प्रकरण सांताक्रूझचे. १९९० मध्ये भाजपचे अभिराम सिंह तिथून निवडून आले, ती निवडणूकही उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यांचे अपील तीन न्यायमूर्तींकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे गेले. प्रश्न एवढाच होता की कायद्यातला 'त्याचा धर्म' म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी उत्तर आले : मतदाराचाही. हिंदुत्वाच्या व्याख्येला मात्र या खंडपीठाने हात लावला नाही. मधल्या काळात महाराष्ट्राच्या विधानसभेच्या पाच निवडणुका होऊन गेल्या होत्या.