प्रताधिकाराची मुदत

साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींवरील निर्मात्याच्या हक्काचा कायदेशीर कालावधी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हा हक्क निर्मात्याच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही वर्षे ५० होती. गणना निधनाच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या ‘ग्रामगीते’ची मुदत ३१ डिसेंबर २०२८ रोजी संपेल. आनंदवनचे बाबा आमटे (निधन २००८) यांच्या ‘ज्वाला आणि फुले’ची मुदत २०६८ अखेरपर्यंत आहे.

वडसा (देसाईगंज) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर धानकापणीनंतर रात्रभर नाटके रंगतात. तेथील संहिता दोघांनी मिळून लिहिली असल्यास ६० वर्षे मागे राहिलेल्या लेखकाच्या निधनानंतर मोजतात. नटाचा प्रयोगावरील हक्क मात्र ५० वर्षांचाच असतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दंडार व गोंडी गीते कोणा एकाची नसल्याने त्यांना ही मुदत लागू होत नाही. म्हणूनच ती जपणाऱ्या गावांचा नामोल्लेख करणे हे संग्राहकाचे नैतिक कर्तव्य ठरते.