पावसला न दिसलेला चिमणराव

आजचा विषय टीव्ही. म्हणजे टीव्हीची अगदी सुरुवातीची वर्षं. पण मी जरा वेगळ्या टोकाकडून सांगणार आहे, जिथे तो दिसत नव्हता त्या टोकाकडून.

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात तुम्हाला एक ओळ सापडेल: २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं आणि महाराष्ट्रात टीव्ही आला. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा भाग आमच्या पावसमध्ये कुणाला वाचून दाखवला तर साठीच्या पुढची माणसं हसतात. पावस म्हणजे रत्नागिरीच्या दक्षिणेला, गौतमी नदीकाठचं गाव, स्वामी स्वरूपानंदांचं. स्वामींनी १५ ऑगस्ट १९७४ ला देह ठेवला, तेव्हा मुंबईचा टीव्ही दोन वर्षांचा व्हायला आला होता. पावसला मात्र टीव्ही ही मुंबईहून आलेल्या माणसाने सांगायची गोष्ट होती.

थोडं मागे जाऊ. भारतात टीव्ही सुरू झाला तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी उद्घाटन केलं. सगळा मामला प्रायोगिक. आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम, युनेस्कोची मदत, आणि घराघरांत नाही तर गटागटाने बसून बघायची सोय. हे सगळं आकाशवाणीच्याच पोटात चालू होतं. आणि तिथे आपला एक माणूस होता, पु. ल. देशपांडे! टीव्हीसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याचा पहिला मान पुलंचा. रत्नागिरीच्या अंतू बर्व्याला ज्यांनी अजरामर केलं, ते रत्नागिरीचे जावई देशाच्या पहिल्यावहिल्या टीव्हीवर काम करत होते, आणि खुद्द रत्नागिरीत टीव्हीचा पत्ता नव्हता. यावर अंतूशेट काय बोलले असते, ते तुम्हीच ठरवा.

दिल्लीत रोजचं प्रसारण आणि बातम्या १९६५ मध्ये सुरू झाल्या. २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषिदर्शन’ आलं, दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी. त्यानंतर दुसरं केंद्र मिळालं ते मुंबईला. १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याची सोय झाली. म्हणजे मुंबई झाली, पुणे झालं. कोकण? कोकण मधेच राहिलं.

का राहिलं, हे समजून घेऊ, कारण यात सरकारी आळसापेक्षा भूगोल जास्त आहे. वरळीचा मनोरा तीनशे मीटर उंच. पण टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे एवढ्या उंचीवरूनही क्षितिज येतं सत्तरेक किलोमीटरवर. घरावरची अँटेना उंच केली तर अजून थोडं पुढे. पावस वरळीपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर. मध्ये डोंगर, सडे, खाड्या. आमच्याकडे आजही घरात फोनला रेंज आली नाही की माणसं सड्यावर चढतात. पण तेव्हा सड्यावर चढूनही वरळी दिसणार नव्हती.

रेडिओचं तसं नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरपर्यंत जातात, रात्री तर आणखी लांब. म्हणून रेडिओ कोकणात आधीपासून मुरलेला होता. रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र १९७७ मध्ये मिळालं. आता हा क्रम बघा: मुंबईकर टीव्ही बघायला लागून पाच वर्षं झाली, तेव्हा आम्हाला आमचा रेडिओ मिळाला!

मधल्या काळात मुंबईत काय काय चाललं होतं! तबस्सुम यांचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’. मराठी बातम्या वाचणारी स्मिता पाटील, जी पुढे सिनेमात गेली. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’. आणि ‘आमची माती, आमची माणसं’. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, नाव किती आपलं! पण भात आणि आंबा पिकवणाऱ्या रत्नागिरीच्या शेतकऱ्याला त्या काळात तो दिसतच नव्हता. माती आमची, पण रेंज नाही.

मग पावसपर्यंत टीव्ही पोचायचा कसा? चाकरमान्यांच्या तोंडून. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईत, गिरणीत नाहीतर कुठल्यातरी ऑफिसात. चाळीत एखाद्याच खोलीत टीव्ही, आणि त्या खोलीत अख्खा मजला. शिमग्याला, गणपतीला ही माणसं गावी यायची आणि बघितलेलं सांगायची. आमच्या घरी हे काम मोठ्या काकांकडे होतं. ते नुसतं सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे चिमणराव.

चि. वि. जोशींचा चिमणराव १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर आला. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मराठीतल्या पहिल्या मालिकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. आजी म्हणते, “आम्ही चिमणराव ऐकला, बघितला नाही.” ऐकला तोही काकांच्या आवाजात. पुढे कधीतरी तिने प्रभावळकरांना खरोखर पडद्यावर बघितलं तेव्हा म्हणाली, हा चिमणराव आमच्यासारखा बोलत नाही.

१ एप्रिल १९७६ ला टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला आणि ‘दूरदर्शन’ म्हणून स्वतंत्रपणे चालू लागला. त्याआधी १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या दोन हजारांहून जास्त खेड्यांत वर्षभर टीव्ही दाखवला गेला. हा ‘साइट’ प्रयोग जगभर नावाजला गेला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये रंग आले, आशियाई खेळ आले. पण कोकणाच्या दृष्टीने खरा बदल ‘इन्सॅट-१बी’ उपग्रहाने झाला. तो ऑगस्ट १९८३ मध्ये सोडला, आणि १९८४ मध्ये देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली. त्या वर्षी काही महिने तर जवळजवळ रोज एक. शंभर वॉटची यंत्रणा, पंधरा-वीस किलोमीटरचा टप्पा. कार्यक्रम उपग्रहावरून घ्यायचा आणि आसपास पसरवायचा. आता डोंगराचा अडथळा राहिला नाही, कारण सिग्नल आकाशातून येत होता.

पण यातली खोच लक्षात घ्या. उपग्रहावरून या केंद्रांना मिळायचा तो मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम. त्यामुळे खेड्यापाड्यांत टीव्ही पोचला तेव्हा तो हिंदी बोलत होता. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेलं ‘हम लोग’, २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’. रविवारी सकाळी वाडीतल्या एका घराच्या पडवीत चपलांचा ढीग, हे बाबांच्या आठवणीतलं पावस. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, चिमणराव हा मुंबईचा मराठी टीव्ही त्यांच्या वाट्याला लहानपणी आलाच नाही. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे, आणि ते कुठल्याच इतिहासात नोंदलेलं नाही.

बरं, मग आज यूट्यूबवर बघू की! तिथेच तर अडतं. तेव्हाचे कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, म्हणजे रेकॉर्डिंगच नाही. जे टेपवर होतं तेही पुसलं जायचं, कारण टेप महाग आणि तीच पुन्हा वापरायची पद्धत. चिमणरावचेही अगदी मोजके भाग वाचले. मुंबईकरांकडे निदान बघितल्याची आठवण आहे. आमच्याकडे काकांची नक्कल, आणि काकाही आता नाहीत.

एक छोटी गंमत सांगायची राहिली. टीव्ही ठेवायला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. १९८५ मध्ये ते रद्द झालं. जुन्या ट्रंकेत ते छोटं पुस्तक सापडलं तर रद्दीत घालू नका, फोटो काढून मला पाठवा. आणि घरात कुणी १९८४ च्या आधी मुंबईत टीव्ही बघितलेला असेल, तर त्यांना फोनसमोर बसवून एक कार्यक्रम आठवेल तसा सांगायला लावा. नक्कल करून सांगितला तर उत्तमच. पुढच्या भागात आपण आकाशवाणी रत्नागिरीच्या पहिल्या दिवसांकडे जाणार आहोत, तिथे हे आवाज लावता येतील.