शंभर वॉट, दहा लिटर

घर नाशिकमधलं आणि कल्पनेतलं. आकडेमोड मात्र खरी. टाकी ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद. पाण्याची उंची १७, म्हणजे पाणी दहा लिटर. आत एकच मासा: निळा नर बेट्टा, दुकानातल्या बोलीत फायटर.

शनिवार, संध्याकाळी ६.१० (तीन आठवडे आधी)
बाबांनी छोट्या टाकीसाठी हीटर मागितला. २५ वॉटचा संपला होता, सोमवारी येणार होता. "शंभरचाच घ्या दादा. पुढे मोठी टाकी घेतलीत तरी हाच चालेल." किमतीत फरक साठ रुपयांचा. टाकीच्या काचेवर चिकटवलेल्या तापमापक पट्टीत त्या सकाळी १८ अंश दिसले होते, आणि बेट्टाला २४ ते २८ लागतात. दोन रात्री थांबायला नको, म्हणून शंभरचा घेतला.

दहा लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. १०० वॉटचा हीटर ते काम सात मिनिटांत करतो, २५ वॉटचा अठ्ठावीस मिनिटांत. खोक्यावर हे छापलेलं नसतं.

शनिवार, रात्री ८.३०
हीटर २६ वर लावला. नारिंगी दिवा लागला, विझला. सगळ्यांनी पाहिलं.

नळीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. पाणी गार झालं की ती वाकते आणि संपर्क जुळतो. तापलं की सुटतो. दर वेळी बारीकशी ठिणगी पडते. १७ अंशांच्या खोलीत दहा लिटरसाठी १०० वॉटचा हीटर आठ-नऊ मिनिटं चालतो आणि अर्धा-पाऊण तास बंद राहतो. दिवसाला पंचवीस-तीस ठिणग्या. संपर्काची टोकं हलक्या प्रतीची असतील तर काही दिवसांत खडबडीत होतात, मग एकमेकांना चिकटू लागतात.

मंगळवार, सकाळी ७.०५ (दोन दिवस आधी)
"बाबा, तीस दाखवतंय. दिवाही चालू आहे."
"ऊन येतं ना त्या बाजूने."
त्या भिंतीवर ऊन साडेनऊला येतं.

मंगळवार, सकाळी ७.५०
पट्टीवर २९. दिवा विझलेला. संपर्क चिकटला होता आणि आपोआप सुटला होता. मुलगी शाळेत गेली.

अशा हीटरकडून यापेक्षा स्पष्ट सूचना मिळत नाही. पाणी लावलेल्या आकड्याच्या वर असताना दिवा चालू दिसला, की तो हीटर त्याच दिवशी काढायचा असतो.

बुधवार, रात्री ९.२०
तीन दाणे टाकले. माशाने तिन्ही खाल्ले. पाणी २६.

रात्री १०.५०
फिल्टर गुरगुरत होता, आजींना झोप लागेना. फिल्टरचं बटण बंद केलं, हीटरचं चालू ठेवलं. आता पाणी ढवळलं जाणार नव्हतं. तापलेलं पाणी वर जाऊन साचणार होतं, आणि पट्टी चिकटवलेली होती खालच्या कोपऱ्यात, वरचा भाग झाकला जाऊ नये म्हणून.

रात्री ११.४०
पाणी किंचित गार झालं. संपर्क जुळला. दिवा लागला.

रात्री ११.४९
एरवी तो या सुमारास विझतो. विझला नाही.

रात्री १२.१६
३० अंश. झाकण, काच आणि १७ अंशांची खोली धरून निघणारी ही सरासरी. वरचा थर याहून गरम.

रात्री १२.५८
३४ अंश. अशा पट्ट्यांवर सहसा शेवटचा आकडा हाच असतो. पुढे पट्टी काही दाखवत नाही, नुसती काळी राहते.

रात्री १.२५
आजी पाणी प्यायला उठल्या. अंधारात नारिंगी दिवा दिसला. दिवा आहे म्हणजे माशाला ऊब आहे. स्विचबोर्ड हाताच्या अंतरावर होता. त्या झोपायला गेल्या.

रात्री १.५३
३८ अंश. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते. थायलंडच्या उथळ पाण्यातून आणि भातखाचरांतून आलेल्या या माशाकडे त्यावर उपाय आहे. डोक्यातल्या एका खास इंद्रियाने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यासाठी पृष्ठभागावर यावं लागतं. त्या रात्री सर्वांत गरम पाणी तिथेच होतं.

एखाद्याने या वेळी पाहिलं असतं, तरी शंका येणं कठीण होतं. बेट्टा एरवीही वर येऊन हवा घेतो.

रात्री २.३३
४० अंश. मासा नेमका कोणत्या मिनिटाला गेला, ते सांगता येत नाही.

गुरुवार, सकाळी ६.४०
"बाबा, पट्टी बिघडली. काहीच दिसत नाही."
बाबांनी बोट घातलं. आंघोळीला काढतात तसं पाणी, ४५ च्या आसपास. दिवा चालू होता.

सकाळी ६.४१
बटण बंद.

तोच बिघाड २५ वॉटच्या हीटरमध्ये झाला असता, तर त्या खोलीत पाणी २९-३० च्या सुमारास थांबलं असतं. तेवढी उष्णता काचेतून आणि वरून निघून जाते. मासा सकाळी जिवंत सापडला असता. हीटर वेगळ्या डिजिटल थर्मोस्टॅटमधून जोडला असता, तर त्या यंत्राने २७ लाच वीज तोडली असती. आतला संपर्क चिकटलेला असतानाही.

हीटर कोणताही घेतला तरी तो कधीतरी बिघडणार, हे धरूनच वॉट निवडावेत. दहा लिटरला २५ पुरे. दुकानात तेवढाच नसेल, तर टाकीला दोन रात्री जाड टॉवेल गुंडाळा, वर झाकण ठेवा, पंखा बंद करा आणि सोमवारी परत जा.

शनिवार, संध्याकाळी ६.३०
गॅरंटी सहा महिन्यांची होती. दुकानदाराने वाद न घालता हीटर बदलून दिला. नवा हीटरही शंभर वॉटचाच.