शीर, धमनी आणि विस्फार

‘पोटरीची शीर फुगली आहे,’ असे अनगोळात कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? जवळच्या उद्यमबागेत दिवसभर यंत्रापाशी उभा राहणारा कामगार हे शब्द उच्चारतो, तेव्हा बहुधा पायावरची निळी, वेडीवाकडी नागमोड त्याच्या मनात असते. पण मान अवघडली तरी शीरच आखडते आणि हाताला मुंग्या आल्या तरी शीरच दबते. शेजारच्या कानडीतही ‘नर’ हा एकच शब्द ही सारी कामे करतो. घरच्या बोलण्यात याने काही अडत नाही. वैद्यकात मात्र जिवावर बेतू शकते.

‘ॲन्युरिझम’ हे रोगाचे नाव याच घोटाळ्यात सापडले आहे. नादसाम्यामुळे त्याचा संबंध मज्जातंतूंशी असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः ‘रुंद’ या अर्थाच्या ‘युरिस’ या ग्रीक शब्दापासून तो बनला. धमनीची भिंत एके ठिकाणी दुबळी होते आणि रक्ताच्या दाबाने तेथे फुगा येतो. दुबळेपणा हे कारण. नाव मिळाले ते परिणामाला. मराठीतील ‘धमनीविस्फार’ हा शब्द तोच अर्थ चोख सांगतो.

‘धमनी’ या शब्दाची कथा अधिक मौजेची आहे. तिच्या मुळाशी ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे हा धातू आहे. मृतदेहातील धमन्या बहुधा रिकाम्या आढळत, म्हणून त्यांत वायू खेळतो असे कित्येक ग्रीक वैद्यही मानीत. दुसऱ्या शतकात गेलनने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मध्ये छेद दिला आणि आत रक्तच आहे हे दाखवून दिले.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ वर्णिली आहे. दुर्बल मनुष्याने अतिश्रम केल्यास वायू शिरांचे जाळे आवळतो व उंच, वाटोळी गाठ उत्पन्न करतो. दुखरी व हलणारी गाठ कष्टसाध्य. न दुखणारी, मोठी, अचल किंवा मर्मस्थानची असल्यास ती वर्ज्य समजावी. हाच धमनीविस्फार, असे काही अभ्यासक म्हणतात. परंतु तेथे ठोक्याचा उल्लेख नाही. तेव्हा इतकी खात्री घाईची होईल.

आणि सारे काही त्या ठोक्यावर अवलंबून आहे. फुगलेली नीला पाय उंच धरला की ओसरते, तिच्यात ठोका नसतो. धमनीचा फुगा मात्र बोटाखाली उडतो. तो गळू समजून फोडला, तर रुग्ण पाहता पाहता दगावतो. अँटिलस या ग्रीक शल्यवैद्याने फुग्याच्या वर आणि खाली धमनी बांधून मग छेद घेण्याची रीत सांगितली. पुढे १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटरने गुडघ्यामागे असा फुगा आलेल्या एका गाडीवानाची धमनी वर मांडीतच, निरोगी जागी बांधली. फुग्याला हात न लावता पाय वाचला.

बेळगावात शहापूरचे आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली निघाले आणि जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली. एकाच शहरात अशा दोन परिभाषा नांदतात. अनगोळचा रुग्ण कोठेही गेला तरी ‘शीर’च म्हणतो, आणि वैद्य त्या जागी बोट ठेवून ती उडते की नाही, हे आधी पाहतो.